मापात चालणारी सायकल

आजचे वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय सहावा, श्लोक १६, १७ आणि ३५

सहाव्या अध्यायात भगवंत ध्यानाविषयी बोलत असतात. आसन कसं असावं, नजर कुठे असावी, मन कुठे लावावं. आणि मग ते एकदम आपल्या ताटाकडे आणि अंथरुणाकडे वळतात. फार खाणाऱ्याला योग साधत नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याला नाही, आणि जागतच राहणाऱ्यालाही नाही. ज्याचं खाणं, हिंडणं, काम, झोप आणि जाग हे सगळं मापात असतं, त्याचाच योग दुःख दूर करतो. या मापासाठी तिथे शब्द आहे 'युक्त'.

खरं सांगतो, इतकी वर्षं हे दोन श्लोक मी भरभर वाचून पुढे जायचो. यात काय एवढं, आजीसुद्धा हेच सांगायची! गेल्या तीन महिन्यांत मात्र सायकलने मला या श्लोकांपाशी थांबवलं.

झालं असं. आमच्या ओळखीतल्या काही मंडळींनी जानेवारीअखेरीस पुणे ते पंढरपूर सायकलने जायचं ठरवलं. सोलापूर रस्त्याने यवत, भिगवण करत पहिल्या दिवशी इंदापूर, तिथे मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी टेंभुर्णीवरून पंढरपूर. माझ्या घरापासून साधारण २१० किलोमीटर. यातून जमणाऱ्या पैशांतून एका गावातल्या शाळेत रोज चार-पाच किलोमीटर चालत येणाऱ्या मुलींना सायकली द्यायच्या. मी शेवटची सायकल चालवली ती कॉलेजात, होस्टेल ते मेस. तरी दसऱ्याच्या दिवशी जोशात 'हो' म्हणालो आणि मित्रांना मेसेज टाकला : मी जितके किलोमीटर जाईन, त्या प्रत्येक किलोमीटरमागे पाच रुपये द्या. ३८ जण तयार झाले. ३८ गुणिले १,०५० म्हणजे ३९,९०० रुपये. एक सायकल साडेपाच हजारांची धरली, तर सात सायकली. हातात चौदा आठवडे होते.

पहिल्याच रविवारी मी ५५ किलोमीटर मारून आलो. सोमवारी जिना उतरताना उजवा गुडघा पुढच्या बाजूने असा दुखला की कठडा धरावा लागला. दहा दिवस सायकल बंद.

दुरुस्तीवाल्याने सायकल बघितली आणि हसला. म्हणाला, "साहेब, सीट किती खाली आहे! गुडघा दुमडूनच पॅडल मारताय." मग त्याने माप दाखवलं. सीटवर बसायचं, टाच पॅडलवर ठेवायची, पॅडल अगदी खाली न्यायचं. तेव्हा पाय सरळ व्हायला हवा. मग पायाचा चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडासा बाक राहतो. सीट फार खाली असेल तर बहुधा गुडघा पुढून दुखतो, फार वर असेल तर मागून. म्हणजे सीटलाही 'युक्त' लागू आहे! दुसरी गोष्ट गिअरची. जड गिअर दाबत जायचं नाही. हलका गिअर ठेवून पाय भरभर फिरवायचे, मिनिटाला ८० च्या आसपास फेरे. जड गिअरमध्ये वेग आल्यासारखा वाटतो, पण त्याची किंमत गुडघा देतो.

त्यानंतर वेळापत्रक नव्याने केलं. आठवड्यात दोन दिवस सकाळी तास-तासभर, आणि शनिवारी किंवा रविवारी एक लांब फेरी. लांब फेरी २०, मग २५, मग ३०. दर चौथ्या आठवड्यात अंतर मुद्दाम कमी, म्हणजे शरीराला सावरायला वेळ मिळतो. शेवटच्या महिन्यात शनिवारी ८० आणि लगेच रविवारी ५०, कारण दुसऱ्या दिवशी दुखऱ्या बुडाने पुन्हा सीटवर बसायचीही सवय लागते. पॅडची चड्डी हा चेष्टेचा विषय नाही, हेही तेव्हाच कळलं. आणि तिच्या आत दुसरी चड्डी घालायची नाही. शिवण घासून सालटं निघतात.

आता ताटाचं बघा. एका शनिवारी मी नुसता चहा घेऊन निघालो. म्हटलं, पोट हलकं बरं. पाटसच्या आसपास अचानक अंगातलं सगळं गेलं. हात थरथरायला लागले, समोर सपाट रस्ता असून घाट चढल्यासारखं वाटलं. रस्त्याकडेला बसून दोन केळी आणि गुळाची चिक्की खाल्ली, तेव्हा वीस मिनिटांनी माणसात आलो. पुढच्या वेळी उलटं केलं, भरपेट मिसळ हाणून निघालो आणि तासाभरात पोट धरून थांबलो. भगवंतांनी सांगितलेली दोन्ही टोकं दोन आठवड्यांत अनुभवली. आता निघण्याआधी थोडे पोहे किंवा उपमा. पहिल्या तासानंतर दर अर्ध्या-पाऊण तासाला काहीतरी छोटं, केळं, खजूर, राजगिऱ्याची वडी. भूक लागायच्या आधी. पाण्याचं तसंच, पंधरा-वीस मिनिटांनी घोट घोट, एका बाटलीत लिंबू, मीठ, साखर.

आणि झोप. आमच्या धंद्यात शुक्रवारी रात्री रिलीज असली की दोन-अडीच वाजतात. अशाच एका शनिवारी तीन तास झोपून निघालो. पाय चालत होते, पण डोळे मागे पडले होते. समोरचा खड्डा इतका उशिरा दिसला की मागच्या टेम्पोवाल्याने जोरात ब्रेक मारला म्हणून आज हे लिहितोय. तेव्हापासून नियम : सहा तास झोप नाही, तर त्या दिवशी सायकल नाही.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते ३५ व्या श्लोकाने. त्याच्या आधी अर्जुन तक्रार करतो की मनाला आवरणं वाऱ्याला आवरण्यासारखं आहे. भगवंत ते नाकारत नाहीत. कठीण आहे हे मान्य करून दोन उपाय सांगतात, अभ्यास आणि वैराग्य. अभ्यास मला कळला होता. वैराग्य सायकलच्या बाबतीत काय असणार, हे कळत नव्हतं.

डिसेंबरमध्ये १०० किलोमीटरच्या फेरीत दोघं मला मागे टाकून गेले. मी त्यांच्या मागे लागलो. जड गिअर, मान खाली, पाणी नाही. ७० व्या किलोमीटरला गुडघा पुन्हा बोलायला लागला, तरी थांबलो नाही. रात्री गुडघ्यावर बर्फ धरून बसलो होतो. बायको म्हणाली, "दुखत होतं तर थांबला का नाहीस?" मी म्हणालो, "अगं, प्रत्येक किलोमीटरचे पैसे आहेत." ती म्हणाली, "म्हणजे तुझा गुडघा गेला, की त्या मुलींच्या सायकली गेल्या?"

मी गणित मांडलं. इंदापूरला थांबलो, तर १३५ किलोमीटर. २५,६५० रुपये. चार सायकली. माझ्या गुडघ्यापायी तीन मुली चालत राहणार. ही अट कोणी घातली होती? मीच. मला जोर यावा म्हणून, आणि खरं तर लोकांनी माझे किलोमीटर मोजावेत म्हणून. दान त्या मुलींसाठी होतं आणि दोरी मी माझ्या हातात ठेवली होती.

त्याच रात्री ३८ जणांना लिहिलं : तुमची रक्कम १,०५० अशीच धरावी, मी कितीही गेलो तरी. ज्यांना किलोमीटरप्रमाणेच द्यायचे असतील त्यांनी तसे द्यावेत, उरलेले मी भरेन. बहुतेकांनी दुसऱ्या दिवशीच पैसे पाठवले. एकाने लिहिलं, "आता निवांत चालव रे."

आणि गंमत म्हणजे त्यानंतरच सराव नीट झाला. कोणी पुढे गेलं तर जाऊ दिलं. दुखलं तिथे थांबलो. महिन्याभराने १२० किलोमीटर पूर्ण झाले, आणि दुसऱ्या दिवशी जिना धडधाकट उतरलो. वैराग्य म्हणजे पंढरपूरला जायचं नाही असं नव्हे. पोचण्यावर 'मी' चिकटवायचा नाही, एवढंच मला कळलंय. अभ्यास त्याशिवाय मापात राहत नाही.

पुढच्या शनिवारी पहाटे पाचला निघायचंय. हा आठवडा मुद्दाम हलका आहे, दोनच छोट्या फेऱ्या. पुढचे-मागचे दिवे, हेल्मेट, दोन जादा ट्यूब, पंप, टायर काढायचे लिव्हर हे सगळं पिशवीत भरून झालं. पंढरपूर दिसेल की नाही, माहीत नाही. सायकली मात्र सात येणार.

आज स्वतःला विचारूया :
१. खाणं, झोप, काम यांपैकी माझं माप कुठे सुटलंय? एकच गोष्ट निवडा आणि आठवडाभर तेवढीच सांभाळा.
२. एखाद्या चांगल्या कामाला मी माझ्या नावाची अट तर घातली नाहीये ना?

पांडुरंगा, पाय तूच दिलेस. ते मापात चालव. कुठे थांबायचं तेही तूच सांग, आणि थांबताना मन कडू होऊ देऊ नकोस.

राम कृष्ण हरी.