धनादेशावरील नऊ अंक

धनादेशाच्या तळाशी पांढऱ्या पट्टीवर काही जाड, विचित्र वळणाचे अंक असतात. पुष्कळांना ती नुसती नक्षी वाटते. वस्तुतः त्यांच्या शाईत लोहाचे चुंबकीय कण असतात. म्हणून अंकांवर शिक्का पडला तरी यंत्र ते वाचू शकते.

प्रथम धनादेशाचा सहा अंकी क्रमांक येतो, मग नऊ अंकी संकेत. त्यातील पहिले तीन अंक शहराचे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. शहराचे अंक बहुधा पिनकोडाच्या आरंभीच्या अंकांशी जुळतात; आपल्या आदिलाबादचा पिनकोड ५०४००१, तेव्हा येथे ५०४. बँकेचे अंक ००२ असतील तर भारतीय स्टेट बँक, ००४ असतील तर पूर्वीची स्टेट बँक ऑफ हैदराबाद. ००४ म्हणजे चार नव्हे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे! संगणकाने ती संख्या मानली की पुढची शून्ये गळतात आणि बँक सापडतच नाही.

संकेत वाचणाऱ्या आज्ञावलीची कामे दोन : अंकांचे तुकडे पाडणे आणि प्रत्येक तुकड्याचा अर्थ सूचीत पाहणे. तुकडे पाडण्याचा नियम क्वचितच बदलतो. सूचीचे तसे नाही. १९४१ साली हैदराबाद संस्थानात स्थापन झालेली ती बँक १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. परंतु तिच्या जुन्या धनादेशांना त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत मुदत मिळाली. म्हणजे ००२ आणि ००४ हे दोन्ही संकेत तेव्हा एकाच बँकेचे झाले! त्याच मुदतीत आपल्याकडे कापसाचा हंगाम सुरू झाला. समजा, तेव्हा व्यापाऱ्याने शेतकऱ्याला जुन्या पुस्तिकेतील धनादेश दिला आणि एखाद्या आज्ञावलीच्या पोटात जुनीच सूची कोरलेली राहिली. तर खात्यात पैसे असूनही तो धनादेश अडायचा.

यावर आज्ञावलीकार जो उपाय योजतात, त्यास डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणतात. नाव भारदस्त आहे, कल्पना घरगुती आहे. वाचणाऱ्या भागाने सूची स्वतः बाळगायची नाही, शोधायचीही नाही. काम सुरू होताना ती बाहेरून त्याच्या हाती द्यायची. कारकुनाला सकाळी नवी वही द्यावी, तसेच हे. बँका विलीन झाल्या की वही बदलते, कारकून तोच राहतो.

आणखी एक सोय आम्हांस विशेष आवडते. परीक्षा घ्यायची असेल तेव्हा त्याच कारकुनाला तीनच काल्पनिक बँकांची खोटी वही द्यावी आणि तो कोठे चुकतो ते पाहावे. त्यासाठी कोणाच्याही खऱ्या धनादेशाला हात लावावा लागत नाही.