डिस्टिल्ड पाण्याचा सामू ७ का येत नाही?

प्रश्न : माती तपासणीसाठी पीएच मीटर घेतलं. डिस्टिल्ड पाण्याचा सामू ५.७ दाखवतं, शिवाय आकडा स्थिर राहत नाही. पाणी खराब की मीटर?

उत्तर : बहुधा दोन्ही ठीक आहेत. शुद्ध पाण्याचा सामू २५ अंश सेल्सिअसला ७ असतो, पण उघडं राहिलं की ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं, त्यातून कार्बोनिक आम्ल तयार होतं आणि सामू ५.६च्या आसपास उतरतो. आकडा हलतो, कारण त्या पाण्यात आयन जवळजवळ नसतातच. म्हणून मीटर डिस्टिल्ड पाण्यावर कधीही जुळवू नका, बफरवरच (ठरावीक सामू असलेल्या द्रावणावर) जुळवा.

बफरची पावडर विरघळवायला मात्र पाणी नीट तयार करा. डिस्टिल्ड पाणी काचेच्या भांड्यात दहा मिनिटं खळखळ उकळा, घट्ट झाकून गार करा आणि त्याच दिवशी वापरा. घरच्या आरओचं पाणी नको, त्यात क्षार उरतात.

मातीच्या द्रावणासाठी (२० ग्रॅम माती, ५० मिलिलिटर पाणी) साधं डिस्टिल्ड पाणी सहसा पुरतं, माती स्वतःच सामू सावरून धरते.

आणि कृपा करून इलेक्ट्रोड डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवू नका, तो लवकर निकामी होतो. पोटॅशियम क्लोराइडच्या ३ मोलर द्रावणात ठेवा.