पुस्तक तेच, मग नियम कसा बदलला?

प्रश्न : माझी मुलगी आणि तिचे मित्र रविवारी आमच्या घरी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात. परवा ‘हीलिंग स्पिरिट’ नावाच्या मंत्रावरून त्यांच्यात चांगलीच जुंपली. एक जण पुस्तक उघडून ओळ दाखवत होता, तर दुसरी म्हणत होती की हा नियम कंपनीने कधीच बदलला. छापून झालेला नियम मागाहून बदलतो कसा? आणि मग विकत घेतलेले पुस्तक रद्दीत घालायचे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : पुस्तक रद्दीत घालू नका, हे आधी सांगून टाकतो. पण नियम बदलला, हेही खरेच आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण ‘डंजन मास्टर’ होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात आणि एखाद्या पात्राचा डाव साधला की फसला, हे फासे ठरवतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत हा खेळ आणला तेव्हा त्याच्या तीन छोट्या पुस्तिका होत्या. आज खेळाडूंचे मुख्य पुस्तकच तीनशे पानांच्या वर जाते, त्याखेरीज पुरवण्या वेगळ्याच. एवढ्या मजकुरात दुरुस्त्या निघणे ओघानेच आले.

शुद्धिपत्र म्हटले की आपल्याला मुद्राराक्षस आठवतो. तो इथेही आहेच. १९९४ साली या खेळातल्या जादूच्या वस्तूंचा एक कोश निघाला. त्यात ‘मेज’ हा शब्द काढून त्या जागी ‘विझर्ड’ घालायचे ठरले आणि संगणकाला तसे सांगितले गेले. त्याने इमानेइतबारे ‘डॅमेज’मधलाही ‘मेज’ उचलला आणि छापील पानांवर ‘डॅविझर्ड’ अवतरले! असल्या चुकांवरून कुणाचे भांडण होत नाही. हसायचे, पेन्सिलीने दुरुस्त करायचे आणि पुढे जायचे.

दुसरा प्रकार खुलाशाचा. वाक्य बरोबर असते, पण त्याचे दोन अर्थ निघतात. त्यासाठी ‘ड्रॅगन’ मासिकात १९७९ साली ‘सेज ॲडव्हाइस’ हे सदर सुरू झाले. वाचकांनी शंका विचारायच्या आणि जीन वेल्स यांनी उत्तरे द्यायची. (प्रश्नोत्तरांचे सदर चालवणाऱ्याला हा इतिहास जरा आपलासा वाटतो, एवढे कबूल करायला हरकत नाही.) याच नावाने पुढेही अधिकृत खुलाशांचे संकलन निघत राहिले. खुलाशाने पुस्तकातला शब्द बदलत नाही, तो कसा वाचायचा एवढेच ठरते.

तुमच्या घरचा वाद तिसऱ्या, म्हणजे नियमच बदलण्याच्या, प्रकारातला आहे, आणि खरी गंमत तिथेच आहे. हा मंत्र २०१७ च्या ‘झॅनाथार्स गाइड टू एव्हरीथिंग’ या पुरवणीतला. मंत्र म्हटला की पाच फुटांच्या चौकोनात एक आत्मा प्रकट होतो. आपल्या पाळीत जो पहिल्यांदा त्या चौकोनात शिरेल, त्याच्या जखमा सहा बाजूंच्या एका फाशावर पडेल तितक्या भरून येतात. आत्मा मिनिटभर टिकतो आणि खेळातल्या मिनिटात दहा फेऱ्या असतात. लढाईच्या धामधुमीत कोण किती वेळा तिथवर पोहोचणार? त्यामुळे मंत्र बेताचा वाटतो.

पण लढाई संपल्यावर काय होते ते पाहा. चौघे रांग लावतात. एक आत शिरून बाहेर पडतो, मग दुसरा, मग तिसरा, आणि पुढच्या फेरीत पुन्हा पहिला. एका फाशाची सरासरी साडेतीन, म्हणजे दहा फेऱ्यांत प्रत्येकाला पस्तीस गुण आणि चौघांना मिळून एकशे चाळीस. दुसऱ्या पातळीच्या मंत्राला ही कमाई अवाच्या सवा झाली. जखमी होण्याची भीती संपली की गोष्टीतला अर्धा थरार गेला. म्हणून २०२० च्या शुद्धिपत्रात मर्यादा आली. मंत्र म्हणणाऱ्याच्या मंत्रशक्तीचा जो गुणक असेल त्यात एक मिळवायचा, तितक्याच वेळा जखमा भरतील, निदान दोनदा तरी. गुणक चार असला तर पाच वेळा, म्हणजे सगळ्यांना मिळून सरासरी साडेसतरा. एकशे चाळीसवरून साडेसतरा! आता त्या मुलांचा आवाज का चढला असेल, ते लक्षात येईल.

“मग छापण्याआधी खेळून बघत नाहीत का?” असे तुम्ही विचाराल. बघतात की. खेळाडूंच्या मुख्य पुस्तकाच्या २०१४ च्या आवृत्तीतल्या श्रेयनामावलीत पावणेदोन लाखांहून अधिक चाचणी-खेळाडूंचे आभार मानले आहेत. तरीही काही खोट आकडेमोड केल्याशिवाय दिसत नाही. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत एक कसोटी होती : तिच्या सर्वांत सोप्या प्रकारात दोनदा अपयश येण्याआधी चारदा यश मिळवायचे. सर्वांत अवघड कसोटीत सहा अपयशांआधी बारा यश हवे. प्रमाण तेच, एकास दोन. दर प्रयत्नाला साठ टक्के यशाची शक्यता धरली, तर सोपी कसोटी शंभरात चौतीस वेळा जमते आणि अवघड सव्वीस वेळा. इथवर ठीक. पण शक्यता पंचाहत्तर टक्के धरा. आता सोपी त्रेसष्ट वेळा जमते आणि ‘अवघड’ सत्त्याहत्तर वेळा! तरबेज खेळाडूंना अवघड कसोटीच सोपी पडू लागली. त्याच वर्षी दुरुस्ती निघाली : कसोटी कोणतीही असो, तिसऱ्या अपयशाला ती संपली. पण मग बारा यश गाठणे फारच कठीण झाले असते, म्हणून फाशावर लागणारे आकडेही खाली आणावे लागले. एक खिळा काढला की दुसरा सैल होतो, तो असा.

माझे मत विचाराल तर, मुद्राराक्षसाची चूक आणि लेखकाने बदललेला विचार एकाच शुद्धिपत्रात घालणे काही बरे नाही. वाचकाला वाटते की आपल्या पुस्तकात छपाईची चूक होती, आणि प्रत्यक्षात नियमच नवा असतो.

यात नवे पुस्तक खपवण्याचा डाव असतो, अशीही समजूत आहे. शुद्धिपत्राबाबत ती खरी नाही, कारण ते फुकट मिळते. पैसे पडतात ते नव्या आवृत्तीचे. २००० सालची तिसरी आवृत्ती तीनच वर्षांत ‘साडेतीन’ होऊन आली, तेव्हा कुरकुर झाली ती रास्तच होती.

डिजिटल पुस्तकांची तऱ्हा निराळी. तिथे दुरुस्ती परस्पर होते आणि काल वाचलेला परिच्छेद आज सापडत नाही. २०२४ मध्ये ‘डी अँड डी बियॉन्ड’ या सेवेने खेळाडूंच्या पात्रपत्रिकांत जुन्या मंत्रांच्या जागी नवे घालायचे जाहीर केले. त्यावर एवढा गदारोळ झाला की काही दिवसांतच बेत मागे घ्यावा लागला. तुमच्याकडचे कागदी पुस्तक असे कुणाला परस्पर बदलता येत नाही.

तेव्हा मुलीला सांगा, पुस्तकाच्या सुरुवातीच्या किंवा शेवटच्या पानांत मुद्रणाचा क्रमांक शोध. पुढच्या मुद्रणांत दुरुस्त्या बहुधा मजकुरातच घातलेल्या असतात, त्यामुळे एकाच पुस्तकाच्या दोन प्रतींत वेगळा नियम सापडू शकतो. पण घरातल्या टेबलावर कोणता नियम चालवायचा, ते डंजन मास्टरने बाकीच्यांशी बोलून ठरवावे. जुनाच नियम सगळ्यांना आवडत असेल तर तो खुशाल ठेवावा, कंपनीचा माणूस काही डोंबिवलीला तपासणीला येणार नाही. फक्त हे खेळ सुरू होण्याआधी ठरू द्या. ऐन लढाईत, कुणाचे तरी पात्र शेवटच्या घटका मोजत असताना शुद्धिपत्र काढले, तर पुढच्या रविवारी एक खुर्ची रिकामी राहील.