शेंगा तोडायला कचरू नकोस

अगं, काल फोनवर म्हणालीस ना, फरसबीचे वेल सुतळीच्या टोकाला पोचलेत, शेंगाही धरल्यात, पण 'जरा मोठ्या होऊ देत, म्हणजे एक भाजी तरी होईल'. तेव्हाच तुला अडवणार होते, पण माझा कुकर शिट्ट्या मारत होता. म्हणून आता निवांत सांगते. मोठ्या होऊ देऊ नकोस. आजच तोड.

वेलाला तुझ्या भाजीशी काही देणंघेणं नाही, त्याला बी धरायचंय. शेंगांत दाणे भरून त्या निबर झाल्या की त्याच्या लेखी काम संपलं, मग नवी फुलं कशाला काढेल तो? कोवळ्या शेंगा खुडत राहिलीस, तर बिचारा पुन्हा पुन्हा फुलतो. फूल उमलल्यापासून दहा-चौदा दिवसांत शेंग तोडणीला येते. वाकवली की कट्‌कन मोडायला हवी आणि दाण्यांचे उंचवटे बाहेरून दिसता कामा नयेत. दिवसाआड वेलाखाली जा आणि पानं उचलून बघ. हिरव्यात हिरवं, हमखास एखादी लपलेली असते आणि तीच जून होऊन बसते. एका हातानं देठ धर, दुसऱ्यानं शेंग खुड. ओढलीस तर अख्खा तुरा हातात येईल. आणि हो, दव सुकल्याशिवाय वेलांत शिरू नकोस. ओल्या पानांना हात लावत फिरलं की तांबेरा, करपा या वेलावरून त्या वेलावर जातो.

मूठभर शेंगांचं करायचं काय, हा तुझा खरा प्रश्न. कोरड्या पुसून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेव. दोन-तीन तोडण्या जमल्या की चौघांची भाजी होते. मोहरी, हिंग, हिरवी मिरची आणि वरून ओलं खोबरं, बास. मसाले घालून कोवळ्या शेंगेचा अपमान करू नये, असं माझं ठाम मत आहे. तेवढ्याही नसतील तर उपम्यात टाक.

शेजारच्या काकू युरिया घाल म्हणतायत? त्यांना हो हो म्हण आणि घालू नकोस. या वेलाच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतला नत्र धरून देतात. वर आणखी नत्र ओतलास की नुसता पाला माजेल. लावताना शेणखत घातलंयस ना? पुरे. शेंड्यावर मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा मार, तरी हटला नाही तर निंबोळी तेल.

पुढच्या वर्षी पुण्याच्या हवेत नवरात्राच्या सुमाराला पेर. पारा तिशीच्या वर गेला की फुलं गळतात, म्हणून फुलोरा थंडीत यायला हवा. बी घेताना वेलीच आहे ना, ते विचारून घे, दुकानात बहुतेक झुडपी जातीचंच मिळतं. रोपं करत बसू नकोस, मुळं हलवलेली त्याला सोसत नाहीत. थेट कुंडीत, बोटाच्या दोन पेरांएवढं खोल. उगवेपर्यंत पाणी बेतानंच, नाहीतर बी कुजतं. वाटाण्यासारखे ताणे याला नसतात, खोडच आधाराला वेढे घेतं, तेही वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेनं. तू हौसेनं दुसऱ्या बाजूनं गुंडाळलंस तर रुसून सुटून येईल.

बियांसाठी मात्र एखादा निरोगी वेल आत्ताच लाल धाग्यानं खूण करून ठेव, त्याला हात लावू नकोस. शेंगा वेलावरच वाळून खुळखुळल्या की काढ. हे फूल स्वतःच्याच परागावर फळतं, त्यामुळे बी सहसा जातिवंत निघतं. जास्त निघालं तर त्याची उसळही होते. राजमा काय, कोरेगावचा वाघ्या घेवडा काय, सगळी याचीच भावंडं. फक्त रात्रभर भिजवून ते पाणी फेक आणि नव्या पाण्यात चांगलं खळखळून शिजव. कच्चट राहिलेल्या दाण्यानं उलट्या होतात, आणि तुझ्या लेकाला येताजाता डब्यात हात घालायची सवय आहे.