घरातली शाळा आणि बाईंची मान

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असे म्हणत वर्ग मोबाईलवर भरू लागले. चौथीपर्यंतचे वर्ग उघडायला राज्यात 1 डिसेंबर 2021 उजाडला. त्या काळात आमच्या गोरेगावच्या दवाखान्यात मान धरलेले, डोळे चुरचुरणारे, आवाज बसलेले शिक्षक येऊ लागले. त्यांत शिक्षिका जास्त होत्या.

वाचकहो, शाळेत तासाला घंटा होते. घरात ती होत नाही. ओट्यावर डब्याला टेकवलेला मोबाईल, एका हाताने पोळी, मध्येच सासऱ्यांची गोळी. आणि घरातले म्हणतात, ‘घरीच तर आहे!’ 2019 च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रीचे त्यात रोज सरासरी 299 मिनिटे, तर पुरुषाचे 97 मिनिटे जातात असे आढळले. हा हिशेब वर्ग घरात येण्याआधीचा आहे.

शाळा उघडल्या, पण सवय राहिली. ऑनलाइन प्रशिक्षण, माहिती भरणे, रात्री येणारे पालकांचे निरोप सुरूच आहेत.

आपले डोके साधारण पाच किलोचे असते. मान खाली घातली की मानेच्या स्नायूंवर त्याच्या कितीतरी पट ताण येतो. पडद्याकडे टक लावल्याने पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात. म्हणून मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. दोन पाट आणि एक जाड पुस्तक पुरते. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद वीस फुटांवरच्या वस्तूकडे पाहा. शिकवताना मधूनमधून घोटभर पाणी प्या. ओरडून बोलू नका.

वेदनाशामक गोळी मी देतो, पण ती दोन दिवसांची सोय. त्या वेळी मी नवऱ्यालाही बोलावून घेतो. तासाच्या वेळेत चहा, मुले, म्हातारी माणसे कोण पाहणार, हे समोरच ठरवून कागदावर लिहून भिंतीला लावायला सांगतो. काहींना हे डॉक्टरचे काम वाटत नाही. मला वाटते.

थकवा सतत राहिला तर रक्त तपासा. राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळते आणि तो थकवा कामाचा समजून अंगावर काढला जातो. हाताला मुंग्या, बधिरपणा, हातातली वस्तू निसटणे, किंवा तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज यांपैकी काही असेल, तर घरगुती उपाय थांबवून लगेच दाखवा.