'बिति': एका सर्बो-क्रोएशियन क्रियापदाचा अर्थ व रूपविचार

मराठीत 'असणे' आणि 'होणे' ही दोन स्वतंत्र क्रियापदे आहेत. सर्बो-क्रोएशियन भाषेत या दोहोंचे मूळ 'बिति' या एकाच क्रियापदात सामावलेले आढळते. (युगोस्लाव्हियाच्या विघटनानंतर सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन व माँटेनेग्रिन अशी प्रमाणरूपे स्वतंत्रपणे मानली जातात, प्रस्तुत विवेचन त्या सर्वांना लागू आहे.) या क्रियापदाच्या निमित्ताने भाषांमधील नाते आणि साम्य यांतील भेद पाहावयाचा आहे.

'बिति' हे भाववाचक रूप संस्कृत 'भू' धातूशी सगोत्र आहे. वर्तमानकाळाची रूपे मात्र 'अस्' धातूच्या कुळातील: येसम्, येसि, येस्त, येस्मो, येस्ते, येसु. त्यांशेजारी अस्मि, असि, अस्ति. स्मः, स्थ, सन्ति ही रूपे ठेवली असता नाते उघड होते. यांचीच सम्, सि, ये, स्मो, स्ते, सु अशी आघातहीन ऱ्हस्व रूपे प्रचारात असून ती सामान्यतः वाक्यारंभी येत नाहीत. 'स्तुदेन्त् सम्' (मी विद्यार्थी आहे) हे वाक्य शुद्ध, 'सम् स्तुदेन्त्' अशुद्ध. नकारात 'नि' पुढे जोडला जाऊन निसम्, निसि, निये अशी रूपे होतात.

'भू'च्या कुळातील दुसरी रूपावली बुदेम्, बुदेश्, बुदे. बुदेमो, बुदेते, बुदु अशी आहे. आज्ञार्थ 'बुदि' हा तिच्यातूनच निघतो. ही रूपावली 'जर', 'जेव्हा' अशा अर्थांच्या गौणवाक्यांत भावी स्थिती दर्शविते. 'काद् बुदेम् उ बेओग्रादु' म्हणजे 'मी बेलग्रेडमध्ये असेन तेव्हा'. येथे धातू 'भू'चा, परंतु मराठीत 'होईन' चालत नाही, 'असेन' असेच म्हणावे लागते. धातूचे नाते अर्थाची हमी देत नाही, हा पहिला बोध.

दुसरा बोध भूतकाळातून मिळतो. पुरुष 'या सम् बिओ' म्हणतो, स्त्री 'या सम् बिला'. मराठीतील 'मी होतो', 'मी होते' यांप्रमाणे येथेही लिंगभेद दिसतो. 'बिओ' हे मूळ 'बिल्'. अन्त्य 'ल्'चा 'ओ' झाला आहे. नपुंसकलिंगी रूप 'बिलो'. हा 'ल' पाहून मराठी अभ्यासकास 'झाला, झाली, झाले' आठवणे स्वाभाविक आहे. तथापि मराठी 'ल'चा उगम सामान्यतः प्राकृतातील 'इल्ल', 'अल्ल' या प्रत्ययांत मानला जातो. स्लाव्हिक 'ल' त्या शाखेत स्वतंत्रपणे क्रियारूपात स्थिरावला. प्रयोगातील साम्य लक्षणीय असले, तरी त्यावरून वंशसंबंध सिद्ध होत नाही.

तात्पर्य, 'सम्' आणि 'अस्मि' यांत नाते आहे, पण ते ध्वनिनियमांनी उलगडावे लागते. 'बिला' आणि 'झाला' यांत साम्य आहे, पण ते नाते नव्हे. तौलनिक भाषाभ्यास शिकविताना हा विवेक प्रथम रुजविणे इष्ट होय.