वीज गेल्यावरचे कुमारागार : ‘निवात’ म्हणजे बंद नव्हे

कौमारभृत्याचा अभ्यास करताना कुमारागाराचे वर्णन आपण सर्वांनी वाचलेले असते. परंतु वैशाखातील भर दुपारी, पत्र्याच्या घरात, वीज गेलेली असताना त्या वर्णनाचा अर्थ कसा लावावा, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात त्याचाच ऊहापोह करावयाचा आहे.

एक अनुभव

2007 साली, भारनियमनाच्या दिवसांत, अठरा दिवसांचे एक बालक आमच्याकडे आणले गेले. अंग तापलेले, स्तनपानाची ओढ कमी आणि सकाळपासून लघवी एकदाच झालेली. काखेतील तापमान 38.4 अंश सेल्सिअस होते. अंगात झबले, डोक्यास टोपडे, वर दोन दुपटी. वीज गेल्यावर खिडक्या लावून खोलीत धुरी दिलेली होती. विचारणा करताच आजी म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, बाळाला वारा लागू देऊ नका, असं तुम्हीच सांगितलं होतं ना?” त्यांचे म्हणणे खरे होते. आम्ही दुपटी काढविली, मातेस स्तनपान देण्यास सांगितले व बालकास तत्काळ बालरुग्णालयात पाठविले. बालक सुखरूप घरी आले. परंतु आमचा उपदेश अर्धवट होता, ही जाणीव आम्हांस कायमची झाली.

ग्रंथोक्त आशय

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात कुमारागार निवात असावे असे सांगितले आहे, आणि त्याचबरोबर त्याच्या एका भागातून वारा खेळता असावा असेही सांगितले आहे. ही दोन्ही विशेषणे एकत्र वाचावयास हवीत. बालकावर वाऱ्याचा थेट झोत नको, पण खोली कोंदट नको, हा त्यातील आशय होय. घर ऋतूस सुखकर असावे व पांघरूण मृदू आणि लघु असावे, हेही तेथेच आहे. धूपन सांगितले आहे ते बालकाची वस्त्रे, अंथरूण व पांघरूण यांच्यासाठी. बालकास धुरात ठेवावे, असा त्याचा अर्थ होत नाही.

वीज गेल्यावर काय करावे

1. स्थान : घरातील सर्वांत थंड खोली निवडावी. पत्र्याखालची वा गच्चीलगतची खोली टाळावी. 2010 च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादेतील एका रुग्णालयाने सर्वांत वरच्या मजल्यावरील प्रसूतिकक्ष खाली हलविला, तेव्हा उष्णतेमुळे आजारी पडणाऱ्या नवजातांचे प्रमाण घटले.

2. वारा : समोरासमोरील खिडक्या उघडाव्यात. खिडकीस भिजविलेला वाळ्याचा पडदा लावावा, मात्र हवा अडू देऊ नये. पाळण्यावर जाड वा ओले कापड टाकू नये. डासांसाठी मच्छरदाणी वापरावी.

3. वस्त्र : सुती, सैल, एकच थर. टोपडे व दुपटे काढावे. मानेच्या व जांघेच्या वळ्या कोमट पाण्याच्या फडक्याने पुसून कोरड्या कराव्यात. घामोळ्यांवर पावडर थापू नये; ती श्वासावाटे आत जाते.

4. धूर : बालक खोलीत असताना धुरी, शेगडी वा मच्छर अगरबत्ती नको. बंद जागेत शेगडी किंवा जनरेटर यांतून निघणारा विषारी वायू वासाने कळत नाही. उजेडासाठी चिमणीऐवजी विजेरी बरी.

5. आहार : सहा महिन्यांपर्यंत, उन्हाळ्यातही, वेगळे पाणी देऊ नये. वारंवार स्तनपान द्यावे व मातेने भरपूर पाणी प्यावे. मध तर वर्षाच्या आत देऊच नये. प्राशनविधीची परंपरा आम्हांस ठाऊक आहे. परंतु मधातील जिवाणूंच्या बीजांमुळे तान्ह्या बालकांस होणारा घातक स्नायुदौर्बल्याचा विकार आज ज्ञात आहे. डब्यातील दूध द्यावे लागत असल्यास दर वेळी ताजे करावे, दोन तासांच्या आत संपवावे व पाजून उरलेले टाकून द्यावे. बंद पडलेल्या फ्रिजच्या भरवशावर ते ठेवू नये.

केव्हा थांबू नये

तीन महिन्यांच्या आतील बालकाचे तापमान 38 अंश सेल्सिअस वा अधिक असणे, दूध न ओढणे, सुस्ती, टाळू खोल जाणे, झटके येणे, श्वास जलद होणे किंवा दिवसभरात लघवी फारच कमी होणे, यांपैकी एकही लक्षण असल्यास घरगुती उपचारांत वा आपल्या चिकित्सेत वेळ दवडू नये. कपडे सैल करून, वाटेत स्तनपान चालू ठेवून, बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. तो ताप उष्णतेचा की जंतुसंसर्गाचा, हे केवळ पाहून ठरविता येत नाही.

औषधालयचालकांस विनंती

वावडिंग, ओवा, गुग्गुळ, वेखंड अशी धुरीची द्रव्ये आपल्याकडूनच घरोघर जातात. पुडी बांधताना “कपड्यांना धुरी द्या, बाळाला नको” एवढे वाक्य अवश्य सांगावे. सहा महिन्यांच्या आतील बालकासाठी गुटी मागितल्यास ती न देता वैद्यांकडे पाठवावे.

“वारा लागू देऊ नका” असे आम्ही आता केव्हाही सांगत नाही. “झोत नको, पण हवा हवी” असे सांगतो, आणि आजींकडून ते एकदा म्हणवून घेतो.